फळ्यावरचा सरदेसाई

झालं गेलं विसरून जाणाऱ्या माणसांचं आपल्याकडे फार कौतुक. मला ती माणसं कधी आवडली नाहीत. विसरणाऱ्याचं काय जातं? ज्याचं गेलं, त्याचं तर गेलेलंच असतं. माझ्या ओळखीत न विसरणारं एकच अस्सल माणूस होतं, आमच्या गुप्ते मॅडम. त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल. बदलापूरला बेलवलीत त्यांच्या सोसायटीने शोकसभा ठेवली होती. तिथे एक गृहस्थ उठून म्हणाले, की मॅडमनी कधी कोणाविषयी मनात काही ठेवलं नाही. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. उठून सांगावंसं वाटलं, की अहो ठेवलं होतं, आणि हवं तेव्हा सापडेल असं जागच्या जागी ठेवलं होतं. पण तिथे बोललो नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी लॅबमध्ये, त्या कॉम्प्युटर विभागात. ठेंगणी मूर्ती, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट घालणारी बाई म्हणून पहिल्या दिवशी गेटवरचे लोक हसले होते. मॅडम थांबल्या, हसणाऱ्यांकडे एकेक करून नीट बघितलं आणि आत गेल्या. पुढे त्यातल्या एकाचा रजेचा अर्ज सिस्टिममध्ये अडकला आणि तो विनवायला आला, तेव्हा मॅडमनी काम लगेच करून दिलं. फक्त तो उठताना म्हणाल्या, "आज माझे बूट बघितले नाहीत तुम्ही." तो माणूस त्या विभागाची पायरी पुन्हा कधी चढला नाही.

कोरा चहा, बिनसाखरेचा, तोही गार करून. मोठ्याने बोलायच्या नाहीत. आणि एक प्रश्न कायम तोंडात: "आणि काहीच नाही दिलं तर?"

हा प्रश्न त्यांच्या कामातून आला होता. ते काम मला त्यांनीच समजावलं, लॅबच्या ओट्यावर रिकामे बीकर मांडून. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक ड्रमची नोंद कॉम्प्युटरमध्ये असते. माल कोणता, पुरवठादार कोण, कधी आला, कोणत्या शेडमध्ये ठेवला. ड्रम शोधायचा तर स्क्रीनवर तितके चौकोन असतात. पण शोधणारा सगळे चौकोन कधीच भरत नाही. एकाला फक्त मालाचं नाव माहीत असतं, दुसऱ्याला फक्त तारीख. प्रोग्रॅम मात्र आधीच लिहून ठेवायचा असतो. समोरचा काय विचारणार हे ठाऊक नसताना प्रश्न लिहून ठेवायचा, ही खरी मेख. मॅडम जुन्या वळणाच्या. सी भाषेतल्या प्रोग्रॅमच्या पोटात एसक्यूएलचा, म्हणजे साठवलेल्या नोंदींतून हवं ते मागायच्या भाषेतला, प्रश्न बसवायच्या, आणि त्यातली प्रत्येक अट अशी लिहायच्या: हा चौकोन रिकामा असेल तर ही अट सोडून द्या, भरलेला असेल तरच जुळवून बघा. जिथे हे फार लांबायचं, तिथे प्रोग्रॅमच भरलेल्या चौकोनांपुरत्या अटी जोडून प्रश्न तयार करायचा. पण माणसाने टाइप केलेला मजकूर त्या प्रश्नात थेट चिकटवायचा नाही, तो वेगळा हातात द्यायचा, हा त्यांचा दंडक. कोण काय टाइप करेल याचा भरवसा नसतो, म्हणायच्या.

देवधर म्हणून आमचे प्रॉडक्शनचे साहेब होते. ते एका मीटिंगमध्ये म्हणाले, की शोधायचं म्हणजे काय, बटण दाबलं की येतं, त्यात बाईंनी एवढं केलंय काय? मॅडम तिथेच बसल्या होत्या. त्यांनी पेन्सिल अंबाड्यातून काढली, परत खोचली, एवढंच. देवधरांना एक सवय होती. चष्मा लावायचा कंटाळा, म्हणून एकही चौकोन न भरता बटण दाबायचे. मग कारखाना सुरू झाल्यापासूनचे सगळे ड्रम स्क्रीनवर यायचे, स्क्रीन अडकायची, आणि साहेब फोनवर ओरडायचे. त्या मीटिंगनंतर त्यांनी असं बटण दाबलं की ड्रमऐवजी मोठ्या अक्षरांत एक ओळ यायला लागली: "साहेब, काय शोधायचं ते आधी ठरवा." ही ओळ फक्त त्यांच्याच लॉगिनला यायची. साहेब तणतणत आले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की तुमच्या वयाचा विचार करून अक्षरं मोठी ठेवली आहेत. देवधर निवृत्त होईपर्यंत ती ओळ होती, आणि चष्मा लावायची सवय मात्र त्यांना लागली.

हे सगळं गमतीचं होतं. नंतरचं नव्हे.

अभिजित सरदेसाई हा माणूस पुण्याहून आमच्याकडे कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख म्हणून आला. गोरा, गुळगुळीत, प्रत्येकाला नावाने हाक मारणारा. मॅडमच्या प्रोग्रॅमला तो 'म्युझियम' म्हणायचा. एवढ्या अटी, एवढं लांबण कशाला, हे तर दोन ओळींचं काम. चौकोन रिकामा असेल तर त्यात टक्क्याचं चिन्ह घालायचं. एसक्यूएलमध्ये तशी सोय आहे, टक्का म्हणजे 'काहीही चालेल'. म्हणजे अट तीच राहते, लांबण जातं, दिसायला सुबक.

मॅडमनी विचारलं, "आणि नोंदीतच काही नसेल तर?"

तो हसला. मॅडम म्हणाल्या की हरकत नाही, तुम्ही प्रमुख आहात, पण प्रोग्रॅमच्या माथ्यावर माझं नाव आहे. त्या विभागाचा रिवाजच तो, की प्रोग्रॅमला हात लावणाऱ्याने माथ्यावर आपलं नाव घालायचं. माझं नाव काढा, तुमचं घाला, मग हवं ते करा. सरदेसाई म्हणाला, "राहू द्या मॅडम. तुमचा वारसा आहे तो." त्याने ओळी बदलल्या आणि नाव तसंच ठेवलं. आपलं घातलं नाही.

मॅडमच्या त्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला फार महागात पडून कळला. 'काहीही चालेल' असं म्हटलं की ज्या नोंदीत काहीतरी आहे तेवढ्याच येतात. जिथे जागा मुळातच कोरी आहे, ती नोंद त्या 'काहीही'त बसत नाही. ती गुपचूप गळते. यंत्र कुरकुरत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. समोर एक यादी येते, ती पुरी आहे असं आपण मानतो.

एका सकाळी माझ्या लॅबमध्ये एका सॉल्व्हंटचा नमुना खराब निघाला. नियम असा, की त्या तारखेला आलेले त्या मालाचे सगळे ड्रम शोधायचे आणि रोखून धरायचे. मी स्क्रीनवर बसलो. मालाचं नाव घातलं, तारीख घातली, पुरवठादाराचा चौकोन सोडला, कारण तो कोणी का असेना. यादी आली. त्यातला प्रत्येक ड्रम मी स्वतः शेडमध्ये जाऊन लाल पट्टी लावून आलो. पण दोन ड्रम सुट्टीच्या दिवशी गेटवर उतरले होते. ट्रान्सपोर्टचे कागद मागून येणार होते, म्हणून पुरवठादाराची जागा कोरी राहिली होती. ते दोन माझ्या यादीत आलेच नाहीत. ते दुपारी रिअ‍ॅक्टरवर गेले.

रिअ‍ॅक्टरवर दत्ता भोईर होता. सोनिवलीचा, घरची थोडी भातशेती, शिफ्ट संपली की गावात भजनाला पखवाज वाजवणारा. भडका उडाला तेव्हा त्याने दुसऱ्या माणसाला ढकलून बाहेर काढलं आणि स्वतः मागे राहिला. चेहरा भाजला, एक डोळा गेला, उजव्या हाताची बोटं आखडली. पखवाज संपला.

चौकशी बसली. सरदेसाई खिन्न चेहऱ्याने म्हणाला, की प्रोग्रॅम गुप्ते मॅडमचा आहे, माथ्यावर नावच आहे बघा. त्यांचं वय झालंय, त्यांना दोष देऊ नये. दोष देऊ नये म्हणत म्हणत त्याने तो पुरता दिला. प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती ज्या यंत्रावर असायच्या, त्याची साफसफाई त्यानेच महिनाभर आधी केली होती. मी चौकशीत सांगितलं की ओळी याने बदलल्या, माझ्यासमोर बोलणं झालंय. मला विचारलं गेलं, की तुम्ही लॅबवाले, तुम्हाला प्रोग्रॅम वाचता येतो का? येत नव्हता. त्या दिवशी सरदेसाईच्या कानाखाली वाजवली असती तर माझी नोकरी गेली असती आणि मला आयुष्यभर बरं वाटलं असतं.

मॅडमनी राजीनामा दिला. सरदेसाईला बढती मिळाली, आणि पुढे तो ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीत गेला.

मॅडमना नोकरीचं दुःख नव्हतं. एका संध्याकाळी भोईरची बायको बेलवलीला त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. भांडली नाही. म्हणाली, "बाय, तुमी शिकलेल्या. माज्या मानसाचा डोला गेला." आणि गेली. ते मात्र मॅडमना लागलं. कारखान्याने काय मानलं याची त्यांना फिकीर नव्हती. भोईरने ते खरं मानलं, हे त्यांना सोसत नव्हतं. बाजारात तो दिसला की या थांबायच्या, आणि तो उरलेला डोळा फिरवून पलीकडे जायचा.

मी त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "तुमी तिच्याच बाजूचे." मॅडमना म्हटलं, तुम्ही स्वतः जा, समजावून सांगा. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं तर ती सबब होईल. ज्याने केलं त्याने सांगितलं तर ते खरं."

मग त्या शिकवायला लागल्या. उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात, जीन्सच्या कटिंगच्या कारखान्याच्या वर लालवाणी शेठचा कॉम्प्युटर क्लास होता. खालून मशीनची घरघर, वर मॅडमचा हळू आवाज, त्यामुळे पोरांना गप्प बसून ऐकावंच लागायचं. लालवाणी दिलदार माणूस, पण त्यांना 'गुप्ता मॅडम' म्हणायचा. दोनदा सांगितलं, गुप्ते. तो म्हणाला, "अरे साईं, एकच झालं ना, टेन्शन कशाला घेते?" दुसऱ्या दिवसापासून मॅडम त्याला पोरांसमोर, पालकांसमोर, बँकेच्या माणसासमोर 'लालवणकर' म्हणायला लागल्या. शेठ रत्नागिरीकडचे का, असं एका पालकाने विचारलं तेव्हा शेठ शरण आला. नावाच्या बाबतीत त्या हयगय करायच्या नाहीत.

त्याच क्लासमध्ये एके दिवशी त्यांनी फळ्यावर ती दोन ओळींची सुबक युक्ती लिहिली आणि पोरांना विचारलं, यात काय चुकलंय? बराच वेळ कोणाला सापडेना. शेवटी एका मुलीला सापडलं, की कोऱ्या नोंदी गळतायत. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, की मॅडम, या चुकीला काय म्हणतात?

मॅडमनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: सरदेसाई.

पोरांना वाटलं असेल कुठला तरी शास्त्रज्ञ. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. तिथून पुढे प्रत्येक बॅचला तो धडा होता. परीक्षेत प्रश्न यायचा: खालील प्रोग्रॅममधला सरदेसाई शोधा आणि काढा. पोरं पास होऊन अंबरनाथच्या कारखान्यांत, कल्याणच्या ऑफिसांत, ठाण्याच्या कंपन्यांत गेली आणि शब्द बरोबर घेऊन गेली. दुसऱ्याचं काम तपासताना बाजूला शेरा मारायची, 'इथे सरदेसाई आहे.' त्यांच्याकडून ज्यांनी मॅडमचं तोंडही पाहिलं नव्हतं ती पोरं शिकली. माझा भाचा पुण्याला नोकरीला, त्याच्या तोंडून मी तो शब्द ऐकला तेव्हा जेवताना मला ठसका लागला. ताबडतोब मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "पुण्याला पोचला?" आवाजात जे समाधान होतं ते मी त्यांच्याकडून दुसऱ्या कशाबद्दल ऐकलं नाही. मलाही फार आनंद व्हायचा, लपवत नाही.

गुडघे धरल्यावर त्या उल्हासनगरला जायच्या थांबल्या. मग क्लास त्यांच्या बेलवलीच्या घरी, हॉलमध्ये. भिंतीवर फळा, खाली सतरंजी. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला जायचो आणि पोरांच्या मागे भिंतीला टेकून बसायचो. अशाच एका रविवारी दारात सरदेसाई उभा राहिला.

केस पांढरे झाले होते, हातात पेढ्यांचा बॉक्स. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. पोरांना स्वयंपाकघरात बसून प्रश्न सोडवायला पाठवलं. मला थांबा म्हणाल्या.

त्याने सांगितलं, की त्याच्या कंपनीत बदलापूरची एक मुलगी लागली होती, मॅडमच्याच क्लासमधली, स्नेहल. परदेशी गिऱ्हाइकासमोरच्या बैठकीत तिने पडद्याकडे बोट दाखवून भाबडेपणाने म्हटलं होतं, "सर, इथे सरदेसाई झालाय." म्हणजे काय, असं गिऱ्हाइकाने विचारलं. तिने उदाहरणासकट समजावून दिलं, आणि वर सांगितलं की आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. तेही त्याने पचवलं असतं. पण त्याची मुलगी कॉम्प्युटरच्याच शिक्षणाला होती. तिला हा शब्द कॉलेजात भेटला, आणि तिने घरी येऊन विचारलं, की बाबा, हे आपलं नाव का?

"मग काय सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"योगायोग आहे म्हटलं." त्याने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. "मॅडम, माझं नाव काढा त्यातून. मी विनंती करतो."

"हीच विनंती मी तुम्हाला केली होती. तेव्हा काय म्हणालात?"

माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "वारसा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या म्हणाल्या, "इथून सोनिवली जवळ आहे. भोईर घरीच असतो, तो कुठे जाणार. त्याच्यासमोर आणि त्याच्या बायकोसमोर सांगा, ती ओळ कोणी बदलली. तुम्ही तिथून मला फोन द्या भोईरच्या हातात. त्याचा आवाज ऐकला की मी हा फळा पुसते, आणि पोरांना कळवते की त्या चुकीला नाव नाही."

तो हळूच म्हणाला, "आणि मी काहीच नाही सांगितलं तर?"

मॅडम हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "हा प्रश्न तुम्ही तेव्हा विचारायला हवा होता," त्या म्हणाल्या.

तो उठला, नमस्कार केला आणि जिना उतरला. मॅडमना गुडघ्यांमुळे पटकन उठता येईना. त्यांनी मला गॅलरीत पाठवलं. "बघा, कुठे वळतो."

खाली त्याची पांढरी गाडी नाक्यापर्यंत गेली आणि थांबली. डावीकडे सोनिवली, उजवीकडे स्टेशन. डावा दिवा लागला. उघडझाप करत राहिला. मागून एका रिक्षाने हॉर्न वाजवला, दुसरीने वाजवला. मी कठडा घट्ट धरला होता. मला त्या माणसाचं कधी भलं व्हावंसं वाटलं नव्हतं, पण त्या क्षणी मनात म्हटलं, वळ बाबा, एकदा वळ. मॅडमच्या टेबलावर त्यांचा फोन होता, त्यांनी तो हातात घेतला होता.

डावा दिवा बंद झाला. गाडी उजवीकडे गेली.

मी आत येऊन सांगितलं. मॅडमनी फोन जागेवर ठेवला. त्या वेळेपुरत्या त्या मला फार थकलेल्या वाटल्या. मग म्हणाल्या, की पेढे पोरांना वाटून टाका, उगाच वाया नकोत. पोरं तोंडं पुसत सतरंजीवर येऊन बसली. मॅडम टेबलाला धरून उठल्या आणि फळ्यापाशी गेल्या. सकाळपासून हात लागून लागून तिथलं 'सरदेसाई' हे नाव पुसट झालं होतं. त्यांनी खडू घेतला आणि त्या अक्षरांवरून सावकाश, एकेक काना, एकेक मात्रा ठळक करत पुन्हा गिरवलं. मग वळून मुलांकडे बघितलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आणि काहीच नाही दिलं तर?"